रसूल मिस्त्रींचा पिंजरा

परवा नातवाने मोबाईलवर एक पिंजरा दाखवला. कुठल्याशा दूरच्या बेटावर माणसांनी जहाजातून मांजरं नेली, ती रानात पळाली आणि जमिनीवर घरटी करणारे तिथले पक्षी त्यांनी खाऊन संपवत आणले. म्हणून आता तिथे डोळा असलेले पिंजरे लावतात म्हणे. समोर आलेलं जनावर मांजर आहे की आणखी कोणी, हे पिंजरा ओळखतो आणि मांजर असेल तरच दार पाडतो. नातू मोठ्या कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, "हे आमच्याकडे रसूल मिस्त्री करायचे, बिनविजेचं."

"आजी, तू काहीही सांगतेस."

माझी या घरात तशी ख्याती आहे. मागे मी नातसुनेला सांगितलं होतं की आमच्या वेळी चांद्याला वाघ रेशनच्या रांगेत उभे राहत. तिने ते ऑफिसात जाऊन सांगितलं. पण रसूल मिस्त्रींचं खरं आहे, आणि ते सांगायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत आणि गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील होती. सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथल्या एका गावी आमच्या यजमानांची बदली झाली. ते जंगलखात्याच्या लाकूड डेपोवर कारकून. मी वर्ध्याची, नवी नवरी, मॅट्रिकपर्यंत शिकलेली आणि त्याचा भारी तोरा असलेली. जंगल म्हणजे आश्रम, हरणाची पाडसं आणि केसात माळायला फुलं, अशी माझी समजूत होती. सामानात मी लोकर आणि सुया घेतल्या होत्या. जिथे उन्हाळ्यात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो, तिथे मी स्वेटर विणत बसे. कोणासाठी, ते मला आजही ठाऊक नाही.

मिस्त्रींची आणि माझी ओळख झाली तेव्हा आमच्या मध्ये एक बंद दार होतं. यजमान दौऱ्यावर गेले होते. दुपारी छपरावर वानरं उतरली. ती दार वाजवून आत येतील अशा भीतीने मी आतून दोन्ही कड्या घातल्या, वर कुलूप लावलं, आणि तेवढ्याने धीर आला नाही म्हणून किल्ली पुन्हा एकदा जोरात पिळली. ती कुलपातच तुटली. वानरं दोडक्याचा वेल ओरबाडून निघून गेली. मी आत रडत बसले. जरा वेळाने बाहेरून आवाज आला.

"बाई, रडू नका. रडल्यानं कुलूप उघडत नाई. म्या पाह्यलं हाय करून."

मग बाहेर बरीच ठोकाठोक झाली आणि अख्खं दार बिजागरीतून निघून कुलपासकट बाजूला झालं. एक उंच, वाळका माणूस ते दार ढालीसारखं धरून माझ्याकडे पाठ करून उभा होता.

"कुलूप शहाणं हाय," ते निंबाच्या झाडाकडे पाहून म्हणाले. "किल्ली बी बरी होती." तिसऱ्याबद्दल काही बोलले नाहीत.

यजमान घरी नसताना ते कधीही उंबऱ्याच्या आत आले नाहीत. अंगणात बादली पालथी घालून बसत, दाराकडे पाठ, आणि माझ्याशी जे काही बोलायचं ते निंबाला सांगत. मी आतून उत्तर देई. पहिले कित्येक महिने मला त्यांचा चेहरा नीट माहीत नव्हता, पण मानेवरचा भाजल्याचा डाग, कानामागची मेंदीने लाल झालेली दाढीची कड आणि बंडीची विटलेली पाठ मी आजही डोळे मिटून सांगू शकते.

त्या बंडीच्या खिशांत किल्ल्या असत. ज्यांची कुलपं केव्हाच गंजून गेली अशा किल्ल्या. चालताना त्या वाजत, त्यामुळे मिस्त्री येताहेत हे दिसायच्या आधी कळे. लोखंड हातात आलं की ते आधी जिभेला लावून पाहत. "हे खारट हाय बाई. ह्याच्यावर भरोसा नाई." मी एकदा माझी विणायची सुई दिली. त्यांनी चाखली आणि परत केली. "हे लोखंड कामचोर हाय," म्हणाले. स्वेटरकडे पाहता त्यांचं चुकलं नव्हतं.

नम्रपणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांच्या आजोबांनी चांद्याच्या परकोटाच्या एका दरवाजाचं कुलूप केलं होतं म्हणे. दर वेळी सांगताना ते कुलूप वाढत जाई. आधी ते दोन माणसांना उचलावं लागे, मग बैलगाडीत घालावं लागे. यजमानांनी एकदा विचारलं, "मिस्त्री, मग हत्ती नव्हता का लागत?" तर शांतपणे म्हणाले, "लागे ना बाबूसाहेब. पन हत्तीची गोष्ट म्या सगळ्याइले नाई सांगत."

चांद्याला त्यांचं घर होतं, भाऊ होते, भावांचं दुकान होतं. सावलीहून मोटर जायची. मिस्त्री तिच्यात कधी बसले नाहीत. का, ते मी विचारलं नाही. तेव्हा मला एवढंच वाटे की या माणसाला चहा आवडतो, कारण तो रोज येऊन पितो. एकटा माणूस रोज चहाला का येतो हे कळण्याइतकी अक्कल मला नव्हती. मी स्वतः रोज त्यांची वाट पाहत असे, तरीही नव्हती.

ते आले होते कूपाबरोबर. जंगलातला जो तुकडा तोडीला काढतात त्याला कूप म्हणतात. दिवाळीनंतर तिथे बाहेरून मजूर आणि आरेवाले येत, झोपड्या घालत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कूप बंद झाला की ट्रकमध्ये बसून निघून जात. मिस्त्री त्यांच्या आऱ्यांना धार लावायचे, कुऱ्हाडी सांधायचे. त्या साली कूप उठल्यावर डेपोच्या गाड्या दुरुस्त करायला म्हणून ते मागे राहिले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्यांनी आपला भाता मांडला, वर गवताचं छप्पर घातलं आणि तिथेच राहू लागले.

मागे आणखीही कोणी राहिलं होतं. मजुरांनी राखणीला आणलेली कुत्री. ट्रकमध्ये माणसांनाच जागा नव्हती. गावातलं कुत्रं दिवसभर रानात हिंडलं तरी संध्याकाळी घरी येतं. ह्यांना यायला घर नव्हतं. पावसाळा लागता लागता त्यांची टोळी झाली. वाघ भुकेपुरतं मारतो आणि निजतो. ही माणसाळलेली पोरं, त्यांना रानाचा कायदा शिकवणारं कोणी नाही. चितळाची पिल्लं अर्धी फाडून टाकलेली सापडू लागली. लांडोरींची घरटी फुटली. गावातल्या शेळ्या गेल्या. आणि मग ती तलावात उतरली.

तलावाच्या उथळ टोकाला, देवधान म्हणतात त्या रानभाताच्या गवतात, सारसाची जोडी असे. माणसाच्या खांद्याएवढे उंच, राखी अंगाचे, लाल मानेचे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा अंगणात येऊन म्हटलं होतं, "अगबाई, केवढे बगळे."

निंबाला सांगताना मिस्त्रींना फार वाईट वाटलं. "बगळा म्हन्ता बाई? मंग वाघाले बी मांजर म्हना."

पाण्यात गवताचा ढीग रचून त्यांनी दोन अंडी घातली होती. आदल्या सालीही घातली होती, ती कोणीतरी फोडली. आसपासच्या तलावांवरून सारस केव्हाच गेले होते. ही जोडी गेली की आमचा तलावही मुका होणार होता. गावात त्यांना कोणी हात लावत नसे. सारस जन्मभर जोडी सोडत नाहीत, म्हणून नवरा-बायको भांडले की म्हातारे त्यांना तलावावर जाऊन बसायला सांगत.

कुत्र्यांची तक्रार वर गेली, आणि मोठे साहेब पाहणीला आले. येताना विषाचा डबा घेऊन आले. आमच्याच रानातल्या कुचल्याच्या बियांतून निघणारं ते विष, पण विलायतेला जाऊन, पांढरं होऊन, डब्यात बसून परत आलं होतं. मेलेल्या जनावरात ते भरून जंगलात ठेवायचं असा हुकूम. डबा आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत राहिला. मी त्या खोलीत पीठसुद्धा मळत नसे.

मिस्त्रींनी साहेबांना वाटेत गाठलं. "साहेब, विषाले डोळे नसते. कुत्रा मरन. कुत्र्याले खाऊन कोल्हा मरन, गिधाड मरन. मंग त्याच विषावर वाघ बी येईन. म्या पिंजरा करतो."

साहेब तरुण होते, त्यांना यंत्रांची हौस होती. ते म्हणाले, पोळ्यापर्यंत कर. साधलं तर असे पिंजरे सगळ्या जंगलासाठी करून घेऊ आणि तुला कायम नोकरीवर घेऊ, बिल्ला देऊ. नाही साधलं तर पोळ्यानंतर डबा उघडेल. आणि पकडलेलं कुत्रं जिवंत सोडायचं नाही, ते पुन्हा रानात येतं.

बिल्ल्याची गोष्ट मिस्त्रींना फार भावली. पितळी असावा की लोखंडी, यावर ते निंबाशी बरेच बोलले.

पहिला पिंजरा सागाच्या दांड्यांचा आणि गाडीच्या धावांच्या पट्ट्यांचा होता. आत पाय पडला की पाटी दबे, आणि दार वरून सर्रकन खाली येई. त्यात आधी साळिंदर सापडलं. मग एक उदमांजर, ते रात्रभर दांड्या चावत बसलं होतं. मिस्त्रींनी पाटीला जड वजन लावलं. तेव्हा डोमाजीची बकरी सापडली. डोमाजी म्हणजे आमचा जंगल-गार्ड. त्याच्याकडे खात्याची जुनी बंदूक होती आणि जिभेला लगाम नव्हता.

"काऊन गा मिस्त्री, माही बकरी कई रानटी झाली?"

"तुह्या घरी राहून कोनी बी होईन."

गाव हसलं. पण मिस्त्री त्या दिवशी चहा न पिता गेले. दार पाडणं सोपं आहे, असं ते म्हणत. कोणासाठी पाडायचं, तेच काम आहे.

ते काम कसं जमलं त्यात माझा हात होता. हात म्हणजे अक्षरशः हात. डोक्याचा संबंध नाही. छपरावर पुन्हा वानरं आली होती. आता मी शूर झाले होते. म्हणजे मिस्त्री अंगणात बसलेले असताना शूर होत असे. मी पितळी ताट घेऊन बाहेर आले आणि पळीने बडवू लागले. वानरं गेली. मी विजयाने आणखी बडवलं.

जंगलाच्या कडेला झुडपं हलली आणि कुत्री बाहेर आली. एकामागून एक, फासळ्या निघालेली, पावसाने भिजलेली. ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. गुरगुरत नव्हती. शेपट्या हलवत होती.

मी ताट टाकून बाजेवर चढले. मिस्त्री उठून उभे राहिले होते. मग म्हणाले, "बाई, आता वाजवू नका. त्यांच्यासाठी काई नाई हाय."

कूपावर भाता स्वयंपाकाच्या झोपडीला लागून होता. जेवण झालं की खरकटी पेज टाकताना लोखंडी थाळी वाजवायची, आणि ती मिस्त्रीच वाजवायचे. रानातलं कोणतंही जनावर तो आवाज ऐकून पळून जातं. येतात ती फक्त माणसाच्या हातचं खाल्लेली. मिस्त्रींना त्यांच्या पिंजऱ्याचा डोळा सापडला होता.

मग त्यांनी पिंजऱ्याला एक खुंटी लावली. ती घातलेली असली की पाटीवर हत्ती नाचला तरी दार पडू नये. संध्याकाळी ते आत पेज आणि सुकट ठेवत, खुंटी काढत, आणि बाजूला बसून थाळी वाजवत. कुत्री येत. एक आत गेलं की दार पडे. अंधार पडायच्या आत खुंटी पुन्हा घातली जाई. साळिंदर नाही, उदमांजर नाही, बकरी नाही. एवढी अचूक वस्तू मी नंतरच्या आयुष्यात पाहिली नाही.

डोमाजी सापडलेलं कुत्रं नाल्यापलीकडे नेई. बंदुकीचा आवाज येई. त्या दिवशी मिस्त्री भाता पेटवत नसत.

आणि गावाने त्यांच्याकडे येणं सोडलं. कुत्री जावीत असं गावालाच हवं होतं, शेळ्या त्यांच्याच मेल्या होत्या. पण आमच्या त्या भागात दारी आलेल्याला जेवायला बोलावून दगा देणं याच्याइतकं वाईट काही नाही. वैऱ्यालाही आधी पेज पाजतात, मग भांडतात. बाया पाणी भरायला पाळीवरून जात त्या वाट बदलून जाऊ लागल्या. फाळ पाजवायला लोक दोन कोस लांबच्या लोहाराकडे नेऊ लागले. एक म्हातारी त्यांच्या देखत म्हणाली, "थाळी वाजवून जीव घेते मेला."

हे मला डोमाजीने सांगितलं. मिस्त्रींनी फक्त एवढंच विचारलं, "बाई, तुमच्या घरचा चहा चालू हाय ना?"

मी म्हटलं, "म्हणजे काय मिस्त्रीभाऊ?"

"काई नाई. इचारून ठेवलं."

हळूहळू टोळी संपली. लाली उरली. तांबूस, एक कान चिरलेली कुत्री. ती सगळ्यांची म्होरकी होती. थाळी वाजली की तीही येई, पण पिंजऱ्यापासून दहा हातांवर बसून राही. बाकीचे आत गेलेले तिने पाहिले होते. मिस्त्री थाळी वाजवत, ती त्यांच्याकडे पाहत बसे. अंधार पडला की उठून जाई. त्यांनी पिंजरा हलवून पाहिला, वेलींनी झाकून पाहिला, पेजेत गूळ घातला. डोमाजी बंदूक घेऊन आला की ती दिसतच नसे.

"मिस्त्री, ते तुह्यापरीस हुशार हाय."

"मालूम हाय. म्याच वाढवली."

आणि मग तिने एक अंडं फोडलं. भर दुपारी. मी कपडे धुवायला तलावावर गेले होते. सारसाचा नर पंख पसरून तिच्या अंगावर धावत होता, मादी जिवाच्या आकांताने ओरडत होती, आणि लाली मानेपर्यंत पाण्यात. मी काय केलं? मी साबण फेकून मारला. तो तलावात पडला. शेवटी मिस्त्री पाळीवरून दगड मारत धावत आले तेव्हा ती पळाली. एक अंडं शाबूत राहिलं. मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे होते आणि पोळा तोंडावर आला होता.

पोळ्याच्या दिवशी सगळं गाव बैल सजवून तोरणाखाली गोळा झालं होतं. यजमान कामाने गडचिरोलीला गेलेले, नदीला पाणी असल्याने रात्री परतणार नव्हते. मी घरात पुरणपोळ्या करून कोणाला वाढायच्या या विचारात बसले होते. गावाकडून ढोल ऐकू येत होता. तलावाकडून थाळी. मग थाळी थांबली. दार पडल्याचा आवाज आला. आणि पुढे काहीच नाही.

मी छत्री घेऊन निघाले. पाऊस नव्हता. शस्त्र म्हणून घेतली होती.

पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं. आत, गुडघे पोटाशी घेऊन, मिस्त्री बसले होते. त्यांच्या पुढ्यात थाळी होती, आणि थाळीत तोंड घालून लाली जेवत होती.

"बाई, हालू नका," ते हळूच म्हणाले. "तिले जेवू द्या."

पिंजऱ्यात त्यांना पाठ फिरवायला जागा नव्हती. तेव्हा मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा समोरून पाहिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते खूप म्हातारे होते.

"मिस्त्रीभाऊ, दार उघडते."

"आता उघडलं तर ती जाईन, आन् म्याच राहीन."

"मग तुम्हीच उघडा ना, जमेल तेव्हा."

"आतून उघडत नाई. तसंच केलं हाय." एवढ्या अवघड जागी बसूनही त्यांच्या आवाजात जरासा अभिमान होता.

काय झालं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. लाली आज मुळी पिंजऱ्याकडे पाहतच नव्हती, त्यांच्याकडेच पाहत होती. म्हणून ते पेज घेऊन स्वतः आत गेले, पाटीवर पाय न ठेवता मागच्या कोपऱ्यात बसले आणि एक घास स्वतः खाल्ला. कूपावर ते असंच करत. आपण एक घास खायचा, मग तिला द्यायचा. ती उठली, आत आली आणि पाटी दबली.

मी छत्री टेकून ओल्या गवतात बसले. लालीने थाळी चाटून पुसली आणि त्यांच्या पायावर हनुवटी ठेवली. मिस्त्री तिच्या चिरलेल्या कानाकडे पाहत बोलू लागले. आज निंब नव्हता, म्हणून असेल.

"ट्रक निंगाला तवा सगळे कुत्रे मागं पळाले. बाकीचे थकून बसले. हे पळतच होती. मोठ्या रस्त्यापर्यंत गेली असती, कोनी सांगावं, कोनी घेतलं बी असतं. म्या थाळी वाजवून तिले वापस बोलावली."

"का?"

"एकटा होतो ना बाई. थोडे दिवस चारलं त्यायले. मंग तांदूळ सरले."

पोळा फुटल्यावर डोमाजी आला. कपाळावर गुलाल, खांद्याला बंदूक. पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली.

"मिस्त्री, बाहीर ये."

"दार उघड, येतो. तिले घेऊन येतो."

"साहेबाचा हुकूम मालूम हाय ना तुले? तू जरा सरक, म्या नळी आत घालतो."

"सरकाले जागा कुठी हाय?"

"अशी कशी नाई? तिच्या मांडीवर बसला हायस का?"

"तेच माह्या मांडीवर बसली हाय."

डोमाजीने डोक्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी तरी सांगा." मी काय सांगणार? मी पुरणपोळ्या आणल्या. एक डोमाजीला दिली, एक दांड्यांमधून आत सरकवली. मिस्त्रींनी एक घास खाल्ला आणि उरलेली तिला दिली. डोमाजी म्हणाला, "बैलायले पुरन, कुत्र्यायले पुरन. माह्या घरी मले नाई भेटत." पण बंदूक त्याने झाडाला टेकून ठेवली होती. संध्याकाळ झाली, पाऊस सुरू झाला, त्याने आपलं घोंगडं पिंजऱ्यावर टाकलं आणि मला घरी पोचवून तो पुन्हा तिथे जाऊन बसला.

सकाळी यजमान आले. ते भित्रे नव्हते, पण सरकारी होते. त्यांनी पिंजऱ्यापाशी उकिडवं बसून मिस्त्रींना समजावलं. पिंजरा साधला आहे. साहेब खूश होतील. आज कुत्रं डोमाजीच्या हाती दे, पुढच्या महिन्यात बिल्ला घे. तिला जिवंत ठेवलंस तर इथे तुला काम नाही, आणि तिला या जंगलात तर ठेवताच येणार नाही.

"जंगलात ठेवन कोन म्हन्ते बाबूसाहेब?" मिस्त्री म्हणाले. "चांद्याले नेतो. तिथी जंगल नाई. माहं घर हाय."

त्या घराचं यजमानांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असावं. त्यांनी विचारलं, "ते ठेवून घेतील?"

"तिले? तिले काऊन नाई ठेवनार?"

यजमानांनी उठून बाहेरची कडी काढली. मी आमच्या गाईचं दावं आणून दिलं.

अंड्याचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. ते फुटलं आणि पिल्लू निघालं. धान निसवलं तेव्हा दोन उंच मानांच्या मध्ये एक पिवळसर ठिपका बांधीतून चालत असे. डबा न उघडता परत गेला. पिंजराही साहेबांनी नमुना म्हणून नेला. पुढे तसे पिंजरे झाले की नाही, मला कळलं नाही. चालवणारा नसताना त्याचा किती उपयोग झाला असता, तेही सांगता येत नाही. थाळी तशीच पाळीवर पडून होती. गावातल्या कोणी उचलली नाही, मीही नाही.

मिस्त्री त्याच सकाळी निघाले. सोबत हातोडा, एक गाठोडं आणि लाली. मोटरवाला कुत्र्याला घेणार नाही, म्हणून चांद्यापर्यंत पायी. डोमाजी हद्दीपर्यंत सोडायला निघाला होता, त्याला त्यांनी परत पाठवलं. आमच्या अंगणाशी क्षणभर थांबले. "बाई, कुलपाले तेल देत जा," एवढंच म्हणाले.

मी ओट्यावर उभी राहून पाहत होते. जंगल संपून धानाच्या बांध्या सुरू होतात तिथे लाली बसली. कूपावर आल्यापासून तिने ती रेघ ओलांडली नसावी. मिस्त्रींनी दावं ओढलं नाही. तेही खाली बसले, चिखलात, तिच्या शेजारी. बऱ्याच वेळाने ती उठली, तेव्हा तेही उठले. ते पुढे, ती मागे, थोडं चालून ती पुन्हा बसली. तेही बसले. असं किती वेळा झालं कोण जाणे. वळणाशी गवत उंच होतं, तिथे बसल्यावर दोघंही दिसेनासे झाले.

आतून यजमानांनी चहाला हाक मारली. मी म्हटलं, थांबा जरा. त्या गवतातून कोणी उठेना. चहा निवला. मी आत जाऊन तो पुन्हा गरम केला आणि कप घेऊन बाहेर आले, तेव्हा वळणाच्या खूप पुढे, सावलीच्या वाटेवरच्या चढावर, दोन ठिपके चालताना दिसले. आता लाली पुढे होती आणि मिस्त्री मागे.